शेजारच्या खुर्चीचा नियम

"तार!" रणभिसे सर ओरडले.

आम्ही वाजवतच राहिलो, कारण थांबायचं नाही हाच तर नियम होता. मी हनुवटीखालचं व्हायोलिन काढून शेजारच्या वल्लरीच्या हातात दिलं आणि तिचं माझ्या मांडीवर घेतलं. तिनं माझं व्हायोलिन खांद्याला लावून पुढची ओळ धरली. सरांनी मग तारांवरचे गज थांबवायला लावले.

"पाच मोजले मी," ते म्हणाले. "चारात झालं पाहिजे. बारगीर, देताना एवढा विचार कसला करतीस? व्हायोलिन मागितलंय, मूत्रपिंड नाही."

सगळी पोरं खो खो हसली. मी नाही हसले. कारण वल्लरी ताम्हनकर माझं व्हायोलिन परत देत होती ते दोन बोटांनी, नुकतंच धुतलेलं ओलं भांडं धरावं तसं.

अठ्ठावीस वर्षं झाली ह्याला. मिरजेत आमचा सोळा पोरांचा वाद्यवृंद होता. व्हायोलिनं, दोन व्हायोला, दोन चेलो. सर दवाखान्यात एक्स-रे काढायचे, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि उरलेल्या वेळात आमच्यावर ओरडायचे. आजूबाजूच्या गावांतून निवडून निवडून पोरं गोळा केली होती त्यांनी. सूर कच्चा असला तर मंत्र्याच्या पोरालाही घरी पाठवलं असतं. त्या वाद्यवृंदात मी होते, लीडरच्या शेजारच्या खुर्चीवर होते, हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगते.

लीडर वल्लरी. पहिली खुर्ची तिची, मोठे सोलो तिचे. आणि सरांचा नियम असा, की कार्यक्रमात लीडरची तार तुटली तर शेजारच्यानं आपलं व्हायोलिन द्यायचं, तिचं घ्यायचं, आणि बाकीचे वाजवत असताना बसल्या जागी नवी तार चढवायची. मोठ्या वाद्यवृंदात म्हणे तुटलेलं व्हायोलिन हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत जातं. आमच्या मागं रांग कुठली, थेट भिंतच. त्यामुळे सगळा भार शेजारच्या खुर्चीवर. सर आठवड्यातून दोनदा ही कवायत घ्यायचे आणि खरी तार एकदाही तुटलेली नव्हती.

आता माझ्या व्हायोलिनचं सांगते, म्हणजे ती दोन बोटं मला का झोंबायची ते कळेल.

आमचं घर सतारी-तंबोऱ्याच्या कारागिरांचं. पाच पिढ्या. माझ्या अब्बांचं नाव दस्तगीर बारगीर. एकदा रणभिसे सर चर्चमधलं फुटकं व्हायोलिन घेऊन दुकानात आले, "ह्याचं काही होतंय का बघा," म्हणून. अब्बांनी ते उघडलं आणि दोन दिवस नुसतं बघत बसले. वर्तमानपत्रावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवून घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे मला येईल." मी तेव्हा बारा वर्षांची, सरांकडं उधारीच्या व्हायोलिनवर शिकायला लागलेली. दोन वर्षं ते माझ्यासाठी व्हायोलिन करत होते. दिवसभर सतारी, त्यातून वेळ काढून हे. सतारीसाठी आणलेलं जुनं मुरलेलं लाकूड, हातानं कोरलेली फळी, कासवाच्या गतीनं सगळं. चाचा येता-जाता टोमणे मारायचे, "सतारीचं घराणं, आणि ह्याला फिडलीचे डोहाळे लागलेत!" अब्बा ऐकून घ्यायचे आणि कोरत राहायचे.

व्हायोलिन तयार झालं त्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर तालमीला आले. दाराशी उभे राहिले, चपला काढून. वल्लरीनं ते हातात घेतलं, चार सूर वाजवले आणि म्हणाली, "सतारीसारखं झणझणतंय. ह्यात भोपळा बसवलाय की काय? घरी वाजवायला ठीक आहे."

तिला दाराशी कोण उभं आहे ते माहीत नव्हतं. स्वभावानं वाईट नव्हती ती. पण जिभेला हाड नाही, आणि घरी मामानं जर्मनीहून आणलेलं व्हायोलिन. अब्बा हसले. घरी येताना म्हणालेसुद्धा, "बरोबर बोलली पोरगी. कान आहे तिला." मला वाटलं, चला, विषय संपला. पण संध्याकाळी त्यांनी व्हायोलिनचा साचा माळ्यावर टाकला. दुसऱ्या व्हायोलिनसाठी बाजूला काढलेलं लाकूड सतारीला लावून टाकलं. त्यानंतर चाचांनी टोमणा मारला, तर अब्बा म्हणाले, "हौस होती, फिटली."

फिटली कसली! आपला बाप खोटं बोलतोय हे चौदा वर्षांच्या पोरीला कळत नाही होय? मी तेव्हाच ठरवलं, की भरल्या हॉलमध्ये हे व्हायोलिन एकटं वाजणार, बाकीचे पंधरा गप्प राहणार, आणि ते ऐकायला अब्बा समोर बसणार. त्याशिवाय तो साचा खाली उतरायचा नाही.

त्याला दोन वर्षं लागली.

सरांनी स्वतः एक रचना बांधली होती, तीन भागांची. मधला भाग संथ. त्यात वल्लरीचा तीन-चार मिनिटांचा सोलो, आणि त्याच्या पोटात, दुसऱ्या व्हायोलिननं उत्तर द्यावं तशी एक अर्ध्या मिनिटाची जागा. ती कुणाला द्यायची म्हणून सर भिंतीकडं तोंड करून बसले आणि सगळ्यांकडून वाजवून घेतली. मग न वळताच म्हणाले, "चौथी. चौथी कोण होती?" चौथी मी होते.

त्या जागेत एका सुरावरून दुसऱ्यावर मी घसरत जायची. मींडच म्हणा ना, कानावर जन्मापासून सतारच पडलेली. वल्लरी लगेच म्हणाली, "सर, हे नोटेशनमध्ये नाहीये."

"नाहीये खरं," सर म्हणाले. "पण मला खोडावंसं वाटत नाही."

मी इतकी फुगले, की त्या दिवशी सायकल चालवत नव्हते, उडवत होते.

अब्बांना मनवायला मात्र घाम फुटला. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथं मराठीत सांगते. मी म्हणाले, "माझा सोलो आहे. अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्यासाठी तरी या."

"अर्ध्या मिनिटासाठी सांगलीला?"

"हो."

"दुकान?"

"दुकान कुठं पळून जातंय?"

"मागं बसतो मग मी," ते म्हणाले. "पुढं बसायला सांगू नकोस."

रविवार होता, संध्याकाळचे पाच. हॉल भरलेला. अब्बा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले आणि मागं जागाच नसल्यामुळं कुणीतरी त्यांना चौथ्या रांगेत नेऊन बसवलं. अवघडून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मी विंगेतून वल्लरीला म्हणाले, "ते बघ, माझे अब्बा आलेत. पांढरा सदरा. व्हायोलिन त्यांनीच केलंय."

का सांगितलं कोण जाणे. दोन वर्षं मनात होतं, बाहेर पडलं.

वल्लरीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे त्या दिवशी दाराशी होते?" तिनं विचारलं.

"होते."

तिचा चेहरा उतरला. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात सरांनी टिचकी वाजवली आणि आम्ही रांगेनं स्टेजवर गेलो.

पहिला भाग झकास गेला. मग संथ भाग सुरू झाला. खाली चेलोंचा लांब सूर, त्यावर व्हायोला, आणि वल्लरीनं सोलो उचलला. काय वाजवायची ती पोरगी! तिच्यावर राग धरून ऐकायचं म्हटलं तरी राग टिकायचा नाही. पानं उलटायचं काम माझं. पहिलं पान उलटून मी माझ्या जागेची वाट बघत होते. अजून दीड मिनिट, मग माझं अर्धं.

आणि टण्णदिशी आवाज झाला.

वरची तार. तारा टेकतात त्या घोडीपाशी तुटून वल्लरीच्या गालावर सपकन बसली. गालावर लाल रेघ उठली, पण गज थांबला नाही तिचा. शेजारच्या तारेवर बोटं चढवून तिनं ओळ पुरी केली. लोकांना फार तर एखादा सूर चुकल्यासारखं वाटलं असेल.

माझा हात सवयीनं व्हायोलिनपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

दिलं तर माझी जागा गेली. दोन वर्षं गेली. अब्बा दुकान बंद करून आलेत, चौथ्या रांगेत बसलेत, आणि मी इथं मांडीवर तुटकं व्हायोलिन घेऊन तार ओवत बसणार. मनात हे सगळं एकदम आलं. एक, दोन, तीन मोजून झाले. मी सरांकडं पाहिलं. वाटलं, आता ओरडतील, निदान ओठ तरी हलवतील. सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. आठवड्यातून दोनदा बोंब मारणारा माणूस, आणि त्या दिवशी गप्प.

वल्लरी दोन ओळींच्या मधल्या श्वासात माझ्याकडं न बघता पुटपुटली, "राहू दे. तुझे अब्बा आलेत. मी निभावते."

निभावते! पुढचं पान मला पाठ होतं. पुढं सोलो वर वर चढत जातो, आणि वरच्या तारेशिवाय तिथं पोचता येत नाही. तिलाही ते माहीत होतं. ती सगळ्या हॉलसमोर पडणार होती आणि माझ्यासाठी पडायला तयार होती.

मला रागच आला. खोटं कशाला सांगू, थोर मन वगैरे काही नव्हतं. संताप आला. सोळा जणांनी वर्षभर घासून बसवलेली रचना माझ्या अर्ध्या मिनिटापायी माझ्या डोळ्यांदेखत आपटणार? आणि वर हिचे उपकार घ्यायचे? मी हनुवटीखालचं व्हायोलिन ओढून काढलं आणि तिच्या पुढ्यात धरलं.

"घे," मी म्हणाले. "गुमान घे."

तिनं घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं. खांद्याला लावलं, आणि ओळ चढायला लागली.

मी तिचं व्हायोलिन मांडीवर ठेवलं, स्टँडच्या खणातून नवी तार काढली. डोळ्यांत पाणी, त्यामुळं खुंटीचं भोक दिसेना. कारागिराची पोर असून तार ओवता येईना. मनात सरळ शिव्या चालल्या होत्या, वल्लरीला, तारेला, सरांच्या नियमाला. आणि मग मला ऐकू आलं.

ज्यांनी वाजवलंय त्यांना माहीत आहे, स्वतःचं व्हायोलिन स्वतःला कधी नीट ऐकू येत नाही. ते कानाला चिकटलेलं असतं, गजाची खरखरच जास्त ऐकू येते. दोन वर्षं मी ते वाजवत होते आणि मला वाटायचं, आवाज बरा आहे, अब्बांनी केलंय म्हणून चांगला म्हणायचं. आता ते हातभर लांब होतं, दुसरीच्या खांद्यावर. त्यातून जो आवाज निघत होता तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. दाट, गोड, आणि तळाशी ती बारीकशी झणझण, तंबोऱ्याची असते तशी. वल्लरीलाही ती सापडली. तिनं गज जरा आवरून घेतला आणि त्या झणझणीला वाव दिला. अख्खा हॉल शांत झाला. खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले.

मग माझी जागा आली. ती सोडून देईल आणि चेलो तेवढा वेळ भरून काढतील, असं मला वाटलं होतं. वल्लरीनं ती जागा वाजवली. आणि घसरत गेली, अगदी माझ्यासारखी, नोटेशनमध्ये नसलेली मींड घेऊन, जिथं मी रेंगाळायची तिथंच रेंगाळून. वर्षभर नाक मुरडून ऐकलेलं सगळं तिला पाठ होतं, बया!

मी मान वर केली. चौथ्या रांगेत अब्बा उभे होते.

सगळे बसलेले आणि हे एकटे उभे, हात लोंबते सोडून. मागचा माणूस त्यांचा सदरा ओढत होता, "अहो बसा की खाली," म्हणत होता, ते मला स्टेजवरून दिसत होतं. अब्बा हलले नाहीत. वल्लरीचा शेवटचा सूर संपेपर्यंत उभे राहिले. मी तार पिळून सुरात आणली, गालफडं बाहीनं पुसली.

नियमाप्रमाणं आता अदलाबदल करायची. मी तिचं व्हायोलिन पुढं केलं. वल्लरीनं मान हलवली, "अजून एक भाग. प्लीज." आणि माझंच घट्ट धरून बसली. मग तिसरा भाग मी जर्मन व्हायोलिनवर वाजवला. चांगलं होतं, नाही असं नाही. पण आमचं ते आमचं.

टाळ्या थांबेनात. सरांनी वल्लरीला उभं केलं, तर तिनं माझा दंड धरून मलाही ओढून उभं केलं. सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बारगीर, तुला चार मोजायचं शिकवलं होतं. तू अकरा घेतलेस." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. सरांनी कुणाच्या डोक्यावर हात ठेवलेला त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

बाहेर अब्बा पायऱ्यांच्या कडेला उभे होते. त्यांना पाहिल्यावर माझा बांध फुटला.

"अब्बा, माझा सोलो गेला," मी म्हणाले. "तुम्ही त्यासाठी आला होता आणि मी वाजवलाच नाही."

"बरं झालं," अब्बा म्हणाले.

मी रडायचीच थांबले. "बरं झालं?"

"अगं, तू वाजवत असलीस की मला व्हायोलिन कुठं ऐकू येतंय? तूच ऐकू येतीस. हिचा हात दुखतोय का, ही चुकणार तर नाही, सगळा जीव तिकडं. आज ती पोरगी वाजवत होती. तिचं काय मला? ती चुकली काय, बरोबर आली काय. म्हणून आज ऐकलं मी. दोन वर्षांत पहिल्यांदा."

"आणि?"

अब्बा उत्तर देणार, तेवढ्यात मघाचा सदरा ओढणारा गृहस्थ पायऱ्या उतरत आला. अब्बांना ओळखून थांबला आणि चिडूनच म्हणाला, "काय हो, मधेच उभे काय राहिलात? पुढचं काही दिसत नव्हतं आम्हाला!"

माझे अब्बा कुणाशी चढ्या आवाजात बोललेले मला आठवत नाहीत. गिऱ्हाईकाशीसुद्धा मान खाली घालून बोलायचे. त्या दिवशी त्यांनी मान वर केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ते व्हायोलिन मी केलंय."

"आँ?"

"मी केलंय. ह्या हातांनी. मिरजेत." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि ज्या पोरीनं ते काढून दिलं ना, ती पण माझीच."

तो गृहस्थ आमच्याकडं बघतच राहिला. "असं का," म्हणाला, "मग राहा की उभे, आमचं काय," आणि हसून निघून गेला.

वल्लरी माझं व्हायोलिन घेऊन मागं येऊन उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. गालावरची रेघ अजून लाल होती. "काका," ती म्हणाली, आणि तिनं व्हायोलिन अब्बांच्या हातात दिलं. माफी मागायला आली होती, पण जन्मात कधी मागितलेली नसल्यामुळं सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नव्हतं.

अब्बांचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी व्हायोलिन कानाशी धरलं, वरच्या फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, एकदा इथं, एकदा तिथं. पुन्हा इथं. कपाळावर आठ्या घातल्या.

"वर चढताना जरा दबतंय," ते स्वतःशीच म्हणाले. "फळी जाड राहिली. हितं केसभर पातळ पाहिजे होती. आता ह्यात नको हात घालायला." पुन्हा एकदा टकटक केलं. "दुसऱ्यात करतो."

"दुसऱ्यात?" मी विचारलं.

"दुसऱ्यात," अब्बा म्हणाले, आणि वल्लरीकडं वळून पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. "हात लांब कर बघू, पोरी. तुझं माप घेतो."